‘ल्यूड’ म्हणजे नेमकं कोण?

आजचे वाचन : यहेज्केल १६:४३-५०. सोबत प्रेषितांची कृत्ये ४:१३ आणि २ शमुवेल १३.



यहेज्केलाचा सोळावा अध्याय घरच्या उपासनेत वाचायची वेळ आली की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. लहान मुलं समोर असतील तर मधली दहा-वीस वचनं गाळलीही जातात. त्यात यरुशलेमेला व्यभिचारी स्त्रीची उपमा दिली आहे, आणि ती काही आडपडदा ठेवून दिलेली नाही. आमच्या पडेगावच्या अभ्यासवर्गात आता निम्मी तरुण मुलं मोबाइलवर इंग्रजी बायबल उघडून बसतात. हा अध्याय चालला असताना त्यांच्यासमोर ‘ल्यूडनेस’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला. एका मुलीने विचारलं, “ल्यूड म्हणजे कामुक, अश्लील वागणारा, हे मला माहीत आहे. पण मग जुन्या किंग जेम्स बायबलात प्रेषितांची कृत्ये १७:५ मध्ये थेस्सलनीकातल्या दंगेखोरांना ल्यूड का म्हटलंय? तिथे तर तसला काही विषयच नाही.”

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्या वचनात पौल आणि सीला यांच्याविरुद्ध दंगा करायला बाजारातले रिकामटेकडे लोक गोळा केले, एवढंच सांगितलं आहे. ते यासोनाच्या घरावर चालून गेले. वासनेचा तिथे मागमूसही नाही. मग हा शब्द तिथे आला कुठून?

त्यासाठी या शब्दाचा जन्म पाहावा लागतो. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो ‘लॅवेदे’ असा होता आणि त्याचा अर्थ अगदी निरुपद्रवी होता : जो पाळक-धर्मगुरूंच्या वर्गातला नाही तो. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा प्रापंचिक माणूस, शेती करणारा, लेकरंबाळं असणारा. वासनेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्या काळी लिहिता-वाचता येणं, लॅटिन येणं हे बहुतांशी धर्मगुरूंकडेच असे. म्हणून ‘धर्मगुरू नसलेला’ याचा अर्थ हळूहळू ‘न शिकलेला’ असा झाला. न शिकलेला म्हणजे अडाणी, अडाणी म्हणजे असंस्कृत, असंस्कृत म्हणजे हलका, हलका म्हणजे दुष्ट. आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याच शब्दाला ‘कामांध’ हा अर्थ येऊन चिकटला. बाकीचे अर्थ एकेक करून गळून गेले आणि हा शेवटचा तेवढा राहिला. आज इंग्रजी पेपरात ‘ल्यूड’ वाचलं की कोणाच्या डोळ्यांपुढे साधा प्रापंचिक माणूस येत नाही.

१६११ साली किंग जेम्स भाषांतर छापलं गेलं तेव्हा शब्द अजून वाटेतच होता. म्हणून कृत्ये १७:५ मध्ये त्याचा अर्थ ‘हलकट, दांडगे’ एवढाच आहे. मूळ ग्रीक वचनात या लोकांना ‘अगोराइओस’ असंही म्हटलं आहे, अगोरा म्हणजे बाजारचौक. चौकात उभे राहणारे, कोणी बोलावलं तर जाणारे लोक. आपल्या शहागंजात किंवा छावणीच्या आठवडी बाजारात सकाळी कामाची वाट बघत उभे असलेले लोक आठवा. त्यातले काही दंग्याला गेले असतील, पण बाजारात उभं राहणं हा काही गुन्हा नव्हे. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथपर्यंत मिळालं.

पण खरी गोष्ट याच्याही मागे आहे. प्रेषितांची कृत्ये ४:१३ उघडा. पेत्र आणि योहान सभेपुढे उभे आहेत. जन्मापासून पांगळा असलेला माणूस बरा झालेला आहे, आणि मुख्य याजक, वडीलजन, शास्त्री आश्चर्य करताहेत की ही न शिकलेली, साधी माणसं इतक्या धीटपणे कशी बोलतात. ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. एक ‘अग्रामातोस’, म्हणजे अक्षरांचं शिक्षण नसलेला. दुसरा ‘इदिओतेस’, म्हणजे ज्याच्याकडे काही पद नाही असा खाजगी माणूस. (इंग्रजी ‘इडियट’ त्यातूनच आला. त्याचंही नशीब ल्यूडसारखंच निघालं.) आता इंग्रजीतलं पहिलं संपूर्ण बायबल, जॉन विक्लिफ आणि त्याच्या साथीदारांचं, १३८० नंतरच्या वर्षांतलं, यात या दुसऱ्या शब्दासाठी काय घातलं असेल? ‘ल्यूड’. त्या वेळच्या स्पेलिंगने ‘लेविड’. म्हणजे पेत्र आणि योहान हे इंग्रजीतले ल्यूड पुरुष! भाषांतरकारांनी निंदा म्हणून ते लिहिलं नव्हतं. त्यांना म्हणायचं होतं, ही माणसं धर्मगुरू नव्हती, आपल्यासारखीच होती. सुमारे सव्वादोनशे वर्षांनी १६११ च्या भाषांतरात या जागेवरून तो शब्द गेलेला आहे, आणि तेरा अध्याय पुढे दंगेखोरांच्या अंगावर मात्र आहे. एका शब्दाची घसरण एकाच पुस्तकाच्या दोन पानांत बघायला मिळते.

विक्लिफच्या काळात हे काही नुसतं शब्दांचं भांडण नव्हतं. ‘ल्यूड’ लोकांच्या हाती त्यांच्या बोलीतलं शास्त्र द्यावं की नाही, यावर जीव पणाला लागत होते. १४०९ साली इंग्लंडच्या आर्चबिशपांनी परवानगीशिवाय बायबलाचं इंग्रजीत भाषांतर करायला बंदी घातली. अडाण्याला ग्रंथ दिला तर तो त्याची विटंबना करील, ही भीती. अडाणी म्हणजे वासनेचा गोळा, त्याच्यापाशी पवित्र वस्तू ठेवायची नाही, हा त्यामागचा समज. शब्द असाच एकटा घसरत नाही. त्याला कोणीतरी ढकलत असतं.

हे वाचून ‘इंग्रजांचं काय ते इंग्रजांनी बघावं’ असं म्हणू नका. आपल्याकडे ‘ग्राम्य’ हा शब्द घ्या. ग्राम म्हणजे गाव. ग्राम्य म्हणजे गावचा. पण ‘ग्राम्य बोलू नको’ याचा अर्थ ‘गावची बोली बोलू नको’ असा कोणी घेत नाही, ‘अश्लील बोलू नको’ असाच घेतो. संस्कृत काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष मानला आहे. त्याहून मोठी गंमत म्हणजे संस्कृतात ‘ग्राम्यधर्म’ याचा एक अर्थच स्त्री-पुरुष संग असा आहे. का? कारण अरण्यात राहणारा तपस्वी तो धर्म सोडून बसलेला, आणि गावात राहणारा संसारी तो पाळणारा. तिकडे धर्मगुरू आणि प्रापंचिक, इकडे तपस्वी आणि गावकरी. दोन्ही ठिकाणी ज्यांनी संसार सोडला त्यांच्या भाषेत संसार करणाऱ्याचं नाव वासनेला मिळालं. इंग्रजांनी आपल्याकडून उचललं नाही, आपण त्यांच्याकडून घेतलं नाही. माणसाचं मन सगळीकडे एकच.

मराठीत असे शब्द आणखीही आहेत. जुन्या मराठीत ‘चावटी’ म्हणजे नुसती वटवट, आणि आज ‘चावट’ म्हणजे काय ते सांगायला नको. ‘बाजारू’ बघा, पुन्हा बाजारच. आमच्या संभाजीनगरात उर्दू आणि मराठी एकाच रिक्षात बसून जातात, म्हणून ‘फाजील’ हा शब्द मला फार आवडतो. उर्दूत फाज़िल म्हणजे विद्वान, मदरशातली ती मोठी पदवी आहे. त्याच शब्दाचा ‘जास्तीचा’ असाही अर्थ आहे, आणि मराठीने तोच धरला. म्हणून आपल्याकडे ‘फाजील कार्टं’ म्हणजे आगाऊ, मर्यादा सोडून वागणारं पोर. पडेगावात एकाच गल्लीत एका घरी मुलगा फाजील झाला म्हणून पेढे आणि शेजारच्या घरी फाजील झाला म्हणून चापट!

पण हसण्यावारी नेता येणार नाही असा एक भाग आहे. पैसेवाला, घराणेदार माणूस वासनेच्या मागे लागला तर मराठी त्याला काय म्हणते? रंगेल. शौकीन. दर्दी. रसिक. आणि त्याच्यासमोर पोटासाठी नाचणारीला? ते शब्द इथे लिहिणार नाही, सगळ्यांना पाठ आहेत. दौलतजादा करणारा शौकीन आणि तो पैसा पदरात घेणारी बदनाम. एकाच बैठकीतल्या दोन माणसांना भाषेने दोन वेगळ्या तराजूंत तोललं. म्हणूनच गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली देहाच्या कर्मांची यादी वाचताना मराठी भाषांतरकारांचं मला कौतुक वाटतं. त्या यादीत जारकर्म आणि कामातुरपणा आहेच, पण शेवटाकडे दारूबाजीच्या शेजारी ‘रंगेलपणा’ही आहे. शौकीन माणसाचा तो गोड शब्द उचलून थेट यादीत बसवला.

इंग्रजीत याच अर्थाचे आणखी शब्द येतात, ते थोडक्यात सांगून पुढे जातो. ‘वाँटन’ म्हणजे मुळात नीट न वाढवलेलं, वळण न लावलेलं मूल. ‘लेचर’ हा जुन्या फ्रेंचमधल्या चाटणे या क्रियापदावरून आलेला, म्हणजे आधी खादाड आणि मग कामुक. आणि ‘लॅसिव्हियस’, जो गलतीकरांस ५:१९ मध्ये किंग जेम्स भाषांतरात आहे, तो लॅटिन ‘लास्किवुस’वरून आला. त्याचा अर्थ खेळकर, बागडणारा. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ आणि आपल्या ‘लालसा’चं मूळ एकच मानतात. इंग्रजी ‘लस्ट’ही त्याच कुळातला. म्हणजे लालसा आणि लस्ट या दूरच्या चुलतबहिणी.

आता शास्त्राच्या मूळ शब्दांकडे येऊ. आजच्या वाचनात आणि यहेज्केलात इतरत्र इंग्रजी भाषांतर जिथे ‘ल्यूडनेस’ म्हणतं तिथे हिब्रू शब्द बहुतेक ठिकाणी ‘झिम्मा’ आहे. (आपला मंगळागौरीचा झिम्मा नव्हे!) त्याचा धातू ‘झामाम’, अर्थ बेत करणे, मनात आखणे. हा धातू चांगल्या कामालाही चालतो. नीतिसूत्रे ३१:१६ मधली सद्गुणी स्त्री शेत पारखते, मनाशी ठरवते आणि विकत घेते, तिथे हेच क्रियापद आहे. ईयोब १७:११ मध्ये ईयोब आपले बेत मोडले म्हणून रडतो, तिथेही झिम्माच. म्हणजे हिब्रू माणसाने या पापाला नाव देताना अडाणीपण पाहिलं नाही, गाव पाहिलं नाही. त्याने पाहिलं की हे ठरवून केलेलं आहे.

हा फरक लहान नाही. ‘तोल गेला’, ‘मोह झाला’, ‘तारुण्यात होतं असं’ ही सगळी आपली वाक्यं अडाण्याच्या बाजूने झुकतात. जणू वासना म्हणजे पाय घसरणं. झिम्मा म्हणतो, पाय घसरला नाही, वाट आखली होती. फोन कधी करायचा, घरी कोण नसेल, कोणाला काय सांगायचं, हे सगळं आधी डोक्यात झालेलं असतं. आणि आखणी करायला डोकं लागतं. होशेय ६:९ मध्ये तर ही गोष्ट टोकाला जाते. तिथे शखेमाच्या वाटेवर याजकांची टोळी दबा धरून बसते आणि खून करते, आणि संदेष्टा त्या याजकांच्या कर्माला झिम्मा म्हणतो. किंग जेम्स भाषांतरकारांनी तिथे शब्द घातला ‘ल्यूडनेस’. जो शब्द ‘याजक नसलेल्यां’साठी जन्मला तो शास्त्राने याजकांच्याच पदरात घातला. भाषांतरकारांच्या हे ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही, पण झालं खरं.

आणि आज वाचलेलं वचन ४९ पाहा. सदोमाचं नाव घेतलं की आपल्या मनात एकच पाप येतं, इंग्रजीने तर त्या गावाच्या नावाचा शब्दच केला. यहेज्केल सदोमाचा अपराध सांगायला सुरुवात कुठून करतो? गर्वापासून. भरल्या पोटापासून, सुखाच्या सुस्तीपासून, आणि गरीब-दुबळ्यांचा हात न धरण्यापासून. अमंगळ कृत्यं पुढच्या वचनात येतात. क्रम लक्षात ठेवा.

गावाला दोष देण्याची सवय ग्रीक शब्दालाही सुटलेली नाही. नव्या करारात मार्क ७:२२, गलतीकरांस ५:१९, इफिसकरांस ४:१९ अशा ठिकाणी ‘असेल्गेया’ हा शब्द येतो. आपल्या मराठी बायबलात गलतीकरांसच्या या वचनात त्याला कामातुरपणा म्हटलं आहे. तो शब्द कसा बनला हे अभ्यासकांना निश्चित सांगता येत नाही. पण जुन्या लोकांनी सांगून टाकलं की पिसिदियात सेल्गे नावाचं डोंगरातलं गाव आहे, त्या लोकांवरून आला. ‘त्या गावचं पाणीच तसं’ हे आपण म्हणतो तसंच. अथेन्सच्या नाटकवाल्यांनीही करिंथ या शहराच्या नावावरून असंच एक क्रियापद केलं होतं. शेजारचं गाव बदनाम केलं की आपलं गाव आपोआप सोवळं होतं!

असेल्गेयाचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. लाज सुटणे. लाइटफूट यांनी गलतीकरांस पत्रावरच्या १८६५ च्या भाष्यात फरक असा सांगितला आहे की अशुद्ध माणूस आपलं पाप लपवू शकतो, असेल्गेस माणूस लपवत नाही, लोकलज्जेला धक्का देतो. आपल्याकडेही म्हणतात की कामातुराला ना भय ना लाज, म्हणून मराठी शब्द नेमका पडला आहे. पण भय कोणाला नसतं? ज्याला कोणी विचारणार नाही त्याला. हातावर पोट असणाऱ्याला गल्लीची भीती असते, पोलिसाची असते, मालकाची असते. निर्भयपणे बेशरम व्हायला मागे काहीतरी बळ लागतं.

मार्क ७ मध्ये प्रभू हा शब्द कोणत्या प्रसंगातून उच्चारतो तेही बघून ठेवा. यरुशलेमेहून शास्त्री आलेले आहेत, आणि त्यांची तक्रार आहे की शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवतात. शिकलेल्यांची न शिकलेल्यांबद्दलची तक्रार. प्रभूने पापांची यादी सांगितली आणि त्या सगळ्याचा उगम एकाच ठिकाणी दाखवला, माणसाच्या अंतःकरणात. हात धुतलेल्याच्याही आणि न धुतलेल्याच्याही.

आपल्यासारख्यांनी हे विसरू नये. मराठवाड्यातल्या आपल्या मंडळ्यांत ज्यांचे आजे-पणजे आले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे होते. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं, तिथेही बरीच कुटुंबं मांग-महार समाजातलीच. या लोकांना ‘यांना कसली लाज’ असं किती सहज म्हटलं गेलं असेल, ते जुन्या माणसांना विचारा. आणि पंडिता रमाबाईंचं काम आठवा. स्वतः संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी जे मराठी बायबल केलं ते साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या, ज्यांतल्या कितीतरी जणींना समाजाने टाकलेलं होतं. विक्लिफच्या इंग्लंडात ज्यांना ‘ल्यूड’ म्हटलं असतं त्यांच्याच हातांनी शास्त्र छापलं गेलं.

आता २ शमुवेल १३. झिम्मा हा शब्द या अध्यायात येत नाही, पण झिम्मा म्हणजे काय ते इथल्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. अम्नोन हा दावीदाचा थोरला मुलगा, राजवाड्यातला. सावत्र बहीण तामार हिच्यावर त्याचं मन गेलं. दुसऱ्या वचनात तो नुसता कुढतो आहे, काही करता येत नाही म्हणून आजारी पडला आहे. तिसऱ्या वचनात येतो त्याचा मित्र योनादाब, दावीदाच्या भावाचा मुलगा. त्याच्याबद्दल हिब्रूत जो शब्द आहे तो ‘हाखाम’. हाच शब्द शलमोनाच्या शहाणपणाला वापरतात. भाषांतरं त्याला धूर्त करतात, आणि ते संदर्भाला धरून आहे, पण मुळात लिहिलं आहे ‘फार शहाणा’. आपल्या शब्दात सांगायचं तर फाज़िल.

या शहाण्याने मसलत दिली. आजारी पड. बाप बघायला येईल. त्याला म्हण, तामारेला पाठव, तिच्या हातचं खाईन. बघा, किती साधी, घरगुती योजना. राजा आला, त्याने निरोप पाठवला, म्हणजे नकळत राजाची आज्ञाही योजनेत आली. तामारेने पीठ मळलं, त्याच्यासमोर पोळ्या भाजल्या. मग सगळ्यांना बाहेर काढलं. ती काय बोलली ते सावकाश वाचा. ती रडून गोंधळलेली नाही, मुद्द्याने बोलते. इस्राएलात असं करत नाहीत. मी माझी अप्रतिष्ठा घेऊन कुठे जाऊ? तू मूर्खांत गणला जाशील. राजाशी बोल. त्या खोलीत धर्मशास्त्र बोलणारी ती एकटी होती. त्याने ऐकलं नाही. आणि नंतर आधीच्या प्रेमापेक्षा मोठा द्वेष त्याला आला, नोकराला सांगितलं, हिला बाहेर काढ आणि दाराला अडसर लाव. हिब्रूत तिथे ‘ही बाई’ असंही नाही, नुसतं ‘ही’.

दार लागलं की बदनामी बाहेर उभ्या असलेल्याची होते. आत असलेला राजपुत्रच राहतो.

महाराष्ट्रात हे घडलेलं आहे, फार जुनं नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. तिचं नाव पुस्तकांत छापलेलं आहे, मी इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं आणि निकालात त्या मुलीलाच संगाची सवय असल्याचं लिहिलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा रद्द केली. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, रस्त्यावर बायका उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ठाण्यात वर्दी होती, लिहिता-वाचता येणं होतं, कुलूप होतं. न्यायालयात विद्या होती. तरी ल्यूड ठरली ती कोण? ज्या बाजूला शिक्षण आणि अधिकार नव्हता ती. हजार वर्षांपूर्वीचा तो इंग्रजी शब्द ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने ते निकालपत्र गेलं.

कोणी म्हणेल, मग काय अडाणी माणूस पाप करत नाही? करतो. मार्क ७ मधल्या यादीतून कोणी सुटलेलं नाही, दारिद्र्य म्हणजे पावित्र्य असंही शास्त्र कुठे म्हणत नाही. वस्तीत दारू पिऊन बायकांची छेड काढणाऱ्याला ‘बिचारा अडाणी’ म्हणून सोडणं हाही त्या जुन्या समजाचाच उलटा प्रकार झाला. त्यालाही अंतःकरण आहे, तोही बेत करतो. माझं म्हणणं एवढंच की शास्त्र वासनेचे डाग पुसून दाखवतं तेव्हा आधी कोणाच्या अंगावरचे पुसतं ते बघा. दावीद, गच्चीवर फिरणारा राजा. पोटीफराची बायको, जिने गुलामावर आळ घेतला आणि त्याचाच झगा पुरावा म्हणून दाखवला. एलीचे मुलगे, दर्शनमंडपाच्या दारातले याजक. आणि अम्नोन. रस्त्यावरच्या माणसाची अशी गोष्ट शास्त्रात शोधायला गेलं तर फार थोडी सापडते.

तामारेचं पुढे काय झालं तेही तेराव्या अध्यायात आहे. तिने डोक्यावर राख घातली, अंगावरचा राजकन्येचा झगा फाडला आणि मोठ्याने रडत गेली. झगा फाडणं म्हणजे गप्प न बसणं. सगळ्यांनी बघावं म्हणूनच ती रस्त्याने गेली. भाऊ अबशालोम म्हणाला, आता गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नको. दावीदाला फार राग आला, असं लिहिलं आहे, आणि रागानंतर त्याने काय केलं ते लिहिलेलं नाही, कारण काही केलं नाही. दोन वर्षांनी अबशालोमाने मेंढरं कातरायच्या मेजवानीत अम्नोनाला मारलं. सगळे राजपुत्र मेले अशी बातमी दरबारात आली तेव्हा राजाला धीर द्यायला कोण पुढे आलं? तोच शहाणा योनादाब. म्हणाला, सगळे नाहीत, एकटा अम्नोन मेला, त्या दिवसापासूनच हे ठरलेलं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं. तो दरबारातच होता, त्याला कोणी काही म्हटलं नाही.

तामार अबशालोमाच्या घरी उदास राहिली, एवढं सांगून शास्त्र तिच्याबद्दल थांबतं. पण उद्याच्या वाचनासाठी चौदावा अध्याय काढाल तेव्हा २७ वं वचन घाईत ओलांडू नका. अबशालोमाच्या मुलाबाळांची मोजदाद आहे तिथे. तीन मुलगे झाले, त्यांची नावं तिथे दिलेली नाहीत. एक मुलगी झाली, तिचं नाव दिलं आहे. तामार.